कार्डांचा छंद आणि कार्डांचा भाव

अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रकार्डे जमविण्याचा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकले गेले. हा आकडा ऐकताच आमच्यातील पुष्कळ सुज्ञ गृहस्थांस या छंदाविषयी एकाएकी आदर वाटू लागतो. आमच्या मते हा आदर अस्थानी होय.

१९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास आमच्याकडील मुलांना ‘बिग फन’ च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवर धावा छापलेल्या असत. ठराविक धावा जमल्या की चित्रे परत देऊन पुस्तिका घ्यावयाची. म्हणजे संग्रह पुरा होताच तो हातचा जाई! तरीही अदलाबदलीत जुळलेला स्नेह आणि तोंडपाठ झालेली नावे मुलांपाशी उरत. छंदाचे खरे फळ तेच, आणि त्यास बाजारात भाव नाही.

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून, तर अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून खेळला. अशा खेळाडूंची कार्डे आमच्या मुलांनी अवश्य जपावीत. परंतु त्यांवरील आकडे वाचावेत, सोबत्यांस दाखवावेत, त्यांवर वाद घालावेत. भाव चढण्याची वाट पाहत कापसाच्या गाठी दाबून ठेवणारास वऱ्हाडात कोणी रसिक म्हणत नाही. कार्डे दाबून ठेवणारासही तोच न्याय लावला पाहिजे.