चार घासांचा जपान

मी जपान पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्याच्यावर टीका करायची ते आधी पाहिलेलं असावं, असा दंडक आपल्याकडे कधीच नव्हता. पुस्तक न वाचता त्यावर तासभर बोलणारे विद्वान मी पाहिले आहेत. मी निदान जपान खाल्ला तरी आहे! तोही अमेरिकेत, फ्लोरिडाच्या उन्हात, रांगेत उभं राहून आणि कागदी ताटलीत.

त्याचं असं झालं. आम्ही उभयता चिरंजीवांकडे तीन महिन्यांसाठी गेलो होतो. देशातून आलेल्या आईबापांना दाखवायचं काय, हा तिकडच्या मुलांपुढचा मोठाच प्रश्न असतो. देवळं दाखवून झाली, वाणसामानाची अवाढव्य दुकानं दाखवून झाली, तेव्हा त्याने आम्हाला ऑर्लॅंडोजवळच्या डिस्नी वर्ल्डमध्ये, एप्कॉट नावाच्या बागेत नेलं. ही बाग १९८२ साली सुरू झाली. तिथे एका तळ्याभोवती अकरा देश मांडून ठेवले आहेत. दोनएक किलोमीटरची प्रदक्षिणा घातली की मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत पृथ्वीपर्यटन पुरं. मध्ये अमेरिका, तिच्या एका अंगाला इटली आणि दुसऱ्या अंगाला जपान. आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी हे पाहिलं असतं तर त्यांच्या हातची छडी गळून पडली असती.

दिवस वसंताचे होते. १९९४ पासून या मोसमात तिथे फुलांचा आणि बागांचा महोत्सव भरतो. त्यात तळ्याकाठी खाण्यापिण्याचे स्टॉल लागतात. प्रत्येक स्टॉलवर दोन-चार पदार्थ, दोन-चार पेयं. ताटली मुद्दाम लहान; कारण एकाच देशात पोट भरलं तर पुढच्या देशात खाणार कोण? शिवाय एक छोटी पुस्तिका मिळते, तिला म्हणतात पासपोर्ट. ज्या स्टॉलवर खाल्लं त्याची तिच्यात नोंद करायची. आमचा नऊ वर्षांचा नातू ती पुस्तिका छातीशी धरून असा चालला होता, की खरा पासपोर्ट बाळगताना मीही तितका सावध नव्हतो.

जपान दिसायला मात्र देखणा. पाण्यात लाल तोरी, म्हणजे त्यांचं महाद्वार, इत्सुकुशिमाच्या देवळासमोर आहे त्या धर्तीचं. होर्यूजीच्या मठावरून बेतलेला पाच मजली पॅगोडा. आणि मागे मित्सुकोशी या जपानी पेढीचं दुकान. ही पेढी १६७३ सालची. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी तिचं पहिलं दुकान उघडलं. हे वाचल्यावर मी दुकानात शिरताना नकळत चपला काढायला वाकलो होतो.

स्टॉलचं नाव होतं ‘हानामी’. हानामी म्हणजे चेरीचा बहर पाहायला जाणं. जपानी माणसं झाडाखाली सतरंजी पसरून बसतात आणि फुलं पाहतात, अशी त्यांची ख्याती आहे. पण त्यांच्यातच एक म्हण आहे : फुलांपेक्षा दांगो बरे. दांगो म्हणजे काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे. ही म्हण कळल्यापासून जपानी लोकांबद्दलचा माझा आदर दुणावला. हुरडा पार्टीला जाऊन निसर्गसौंदर्यावर बोलणारी आपली माणसं इतकी प्रामाणिक नाहीत.

आता प्रत्यक्ष पदार्थ. पहिला ‘फ्रूशी’. हा फ्रूट आणि सुशी यांचा समास. मासा मधल्या मधे गाळलेला, म्हणजे मध्यमपदलोपी म्हणायला हरकत नाही. गोड भातात स्ट्रॉबेरी, अननस आणि खरबूज घालून केलेली वळकटी, वर भाजलेलं खोबरं आणि साय घुसळून केलेला फेस. सुशीत कच्चा मासा हवाच असं नाही, पण भाताला व्हिनेगरचा आंबटपणा हवा, असं जाणकार सांगतात. त्या हिशेबाने ही सुशी नव्हेच. पण मग काय? या प्रश्नाचा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी लावला. त्या दिवशी संकष्टी होती. तिथी कालनिर्णयची, चंद्र फ्लोरिडाचा आणि उपास हिचा. त्यामुळे भात वर्ज्य. हिने ताटली नुसती नाकाजवळ नेली आणि म्हणाली, “अहो, हा तर नारळी भात! अननस घातलेला.” एका वाक्यात इतकी नेमकी समीक्षा मी मराठीत फारशी वाचलेली नाही. पदार्थ चांगला होता. फक्त चौथ्या घासाला संपला.

दुसरा ‘काकिगोरी’. किसलेला बर्फ, त्यावर रंगीत पाक. गिरगाव चौपाटीवर ज्याला गोळा म्हणतात, तोच. फरक एवढाच की आपण तो काडीला लावून सुर्र करून ओढतो आणि हा चमच्याने सभ्यपणे खायचा. याला पोरखेळ समजू नका. हजारेक वर्षांपूर्वी सेइ शोनागोन नावाच्या दरबारातल्या बाईंनी आपल्या टिपणांत, धातूच्या नव्या भांड्यातल्या वेलीच्या पाकाच्या किसलेल्या बर्फाची गणना उच्च दर्जाच्या गोष्टींत केली आहे. आमच्या लहानपणी गोळा खाल्ल्याबद्दल मार मिळायचा. वाङ्मयीन परंपरेचं महत्त्व कळतं ते असं.

तिसरी ‘साके’. तांदळाला विशिष्ट बुरशी लावून आंबवलेली. मुलाने एक प्याला घेतला आणि “बाबा, चव तर बघा” म्हणून पुढे केला. चव सौम्य, वास तांदळाच्या पेजेशी नातं सांगणारा. हिने लांबूनच विचारलं, “तांदळाचीच ना? मग उपासाला नाही चालायची.” न चालण्याचं दुसरं एखादं कारण तिला सुचलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

किमतीबद्दल मी बोलणार नाही. डॉलरचे रुपये करायचे नाहीत, असं विमानतळावरच बजावण्यात आलं होतं.

इतकं होईपर्यंत नातवाने पासपोर्टमध्ये नोंद केली, पुस्तिका मिटली आणि जाहीर केलं, “आजोबा, जपान झाला!”

हिने पॅगोड्याच्या सावलीत बसून डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. नातवाने दोन चमचे खाल्ले, “छान आहे” म्हणाला आणि पुस्तिका चाळत विचारलं, “आजी, हिचं पान कुठे आहे?”

सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू घशाखाली उतरेना. तीन महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा म्हणजे तरी काय? एक स्टॉलच की! दोन चमचे खिचडी, एखादी गोष्ट, एखादा श्लोक. चव बघितली, नोंद केली, ‘आजी-आजोबा झाले’, पुढचा देश.

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात या महोत्सवावर जळजळीत लेख लिहिला होता. मुख्य आरोप असा, की हे खरं जपानी नव्हेच. पण लेख पुढे सरकेना, कारण ‘खरं जपानी’ शोधायला गेलो आणि पंचाईत झाली. तेम्पुरा घ्यावी तर ती सोळाव्या शतकात आलेल्या पोर्तुगीजांची देणगी. पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. रामेन चिनी. करी तर थेट आपल्याकडून निघून, इंग्रजी नौदलाच्या बोटीतून त्यांच्या नौदलात पोचली. १९२७ साली तोक्योतल्या नाकामुराया या दुकानात रासबिहारी बोसांनी हिंदुस्थानी पद्धतीची करी सुरू केली ती वेगळीच. मग म्हटलं, आपलंच शुद्ध सोवळ्यातलं काहीतरी पुढे करावं. तर पुढे आला तो तोच डबा! साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, दाणेही तिकडचेच. तूप-जिरं आणि मीठ सोडलं तर संकष्टीचा अख्खा उपास परदेशी. गणपतीने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा उसनवारी हा दोष नव्हे. मग करी जपानी झाली कशी आणि साबुदाणा मराठी झाला कसा? मला वाटतं, तो परत परत खाऊन. जपानी नौदलात दर शुक्रवारी करी असते. दर शुक्रवारी! आपल्याकडे दर संकष्टीला, दर एकादशीला खिचडी. एखादा पदार्थ कंटाळा येईपर्यंत खाल्ला, आणि कंटाळा आल्यावरही खाल्ला, की तो आपला होतो. महोत्सवात नेमकं हेच जमत नाही. तिथे कंटाळा यायच्या आत ताटली संपते. ती तशीच बेतलेली असते, आणि आम्हीही ती तशीच मागतो. अकरा देश एका दिवसात उरकायची घाई स्टॉलवाल्याला नव्हती, आम्हाला होती. शेजारच्या देशात रांग लहान दिसली म्हणून मीच सगळ्यांना तिथून उठवलं होतं.

फ्रूशीवर माझा शेवटचा अभिप्राय असा : पदार्थ म्हणून उत्तम, ओळख म्हणून बरा, जेवण म्हणून अपुरा. ती नारळी पौर्णिमेसारखी दरवर्षी ठराविक दिवशी घरात होऊ लागली, तर आणखी तीन पिढ्यांनी कोणीतरी तिच्यावर ‘आमची अस्सल परंपरा’ म्हणून लेख लिहील. त्यालाही जपान पाहायची गरज पडणार नाही.

हिने मात्र अभिप्राय वगैरे न देता दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. रोज रात्री वरण-भात, तूप, लिंबाची फोड. ताटली मोठी. पहिल्या दिवशी नातू “छान आहे” म्हणाला. दुसऱ्या दिवशी काही बोलला नाही. पाचव्या दिवशी पान मांडल्यावर त्याने वाकून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “आजी, आज परत तेच?”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परक्याच्या घरी कोणी असं विचारत नाही.