संगणकीय नकलांतील वामगति

एका संग्राहकांनीं अभिप्रायार्थ धाडलेली जुन्या दफ्तराची संगणकीय नक्कल उघडतां आमच्यापुढें परकीं चिन्हेंच उमटलीं. मूळ कागद कसरीनें खाल्लेले. उरली ती हीच नक्कल. युनिकोडांत 'क' चा षोडशमानी अंक ०९१५. युटीएफ-१६ मध्यें तो ०९ व १५ अशा दोन बाइटांत राहतो. क्रम उलटा वाचला कीं १५०९, म्हणजे कॅनडांतील आदिवासींच्या लिपीचें अक्षर! शब्दांकांनीं दिलेला शक वामगतीनें वाचावा, हा संकेत वाचकांस परिचित आहे; येथें गति कोणती, हेंच नकलनविसांनीं सांगितलें नाहीं. आरंभीं क्रमचिन्हाचे दोन बाइट पुरते. क्रम पालटून पाहतां वाचन मात्र चोख आढळलें, जोडाक्षरेंसुद्धां. म्हणूनच या हयगयीचा आम्हांस विषाद वाटतो. सुधारलेली प्रत युटीएफ-८ मध्यें द्यावी. तींत बाइटक्रमाचा प्रश्न उद्भवत नाहीं.