एकट्या न्यायमूर्तींचें मत

लोकांनीं निवडलेल्यांस न निवडलेल्यांनीं अडवावें कां, हा न्यायालयीन छाननीवरील आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु बहुमत हें पुढील निवडणुकीपर्यंतचेंच असतें. ती निवडणूक मोकळी राहावी आणि तोंवर विरोधकास तुरुंगाबाहेर राहून बोलतां यावें, एवढें पाहणारा कोणी तरी तटस्थ लागतोच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ही कामगिरी कशी बजावली हें पाहूं गेल्यास चित्र संमिश्र दिसतें. १९७३ सालीं केशवानंद भारती खटल्यांत १३ न्यायाधीशांपैकीं ७ जणांनीं, राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेस मोडतां येणार नाहीं, असें ठरविलें. नोव्हेंबर १९७५ मध्यें, आणीबाणी चालू असतांनाही, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारें ३९ व्या घटनादुरुस्तींतील पोटकलम न्यायालयानें रद्द केलें. परंतु सहा महिन्यांच्या आंतच, २८ एप्रिल १९७६ रोजीं, जबलपूरच्या शिवकांत शुक्ल प्रकरणांत त्याचा धीर खचला. विनाचौकशी डांबलेल्यांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज चालतात, असें नऊ उच्च न्यायालयांनीं म्हटलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तें ४ विरुद्ध १ मतांनीं फिरविलें. बहुमतांत पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंत चंद्रचूड हेही होते. वेगळे राहिले ते एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना.

बहुमताचे निकाल वाचतां विद्वत्तेची उणीव भासत नाहीं. उणीव भासते ती शंकेची. कलम २१ साठीं दाद मागण्याचा हक्क तहकूब झाला, म्हणजे बंदिवानास दारच उरलें नाहीं, हें अनुमान त्यांनीं सरळ स्वीकारलें. खन्ना यांचें म्हणणें असें कीं, कलम २१ नसतें तरीही कायद्याच्या आधारावांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्यास नाहीं. घटनेच्या अक्षरामागें जाऊन तिचें प्रयोजन ओळखणें तें हेंच.

त्या मतानें त्या दिवशीं एकही बंदिवान सुटला नाहीं. उलट जानेवारी १९७७ मध्यें ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिलें गेलें आणि खन्ना यांनीं राजीनामा दिला. तथापि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें कलम २० व २१ यांस आणीबाणींतही अबाधित ठेविलें, आणि २०१७ सालीं पुट्टस्वामी प्रकरणांत न्यायालयानेंच जुना निकाल मोडीत काढला. तसें लिहिणारांत यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

तात्पर्य, तत्त्वाच्या प्रश्नांत न्यायालयास धीट होणें त्या मानानें सोपें; खरी कसोटी कोठडींतल्या एका अर्जदारापाशीं लागते. ४१ वर्षांनीं झालेल्या दुरुस्तीचें कौतुक अवश्य करावें. परंतु ज्यांनीं तो बंदिवास भोगला त्यांस तिचा उपयोग झाला नाहीं, हें विसरतां कामा नये.