‘क्रिस्तपुराणा’ची ओवी

सन १६१६ त राचोल येथें छापलेलें फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ हातीं घेतांना आमच्या मनांत प्रथम रोषच उठतो, आणि तो अस्थानीं नाहीं. १५६७ त सासष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. त्याच सासष्टींत हें पुराण जन्मलें. परंतु धर्मप्रसारास आलेल्या या इंग्रजानें ख्रिस्तकथेसाठीं एकनाथांची ओवी पत्करली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें! सुमारें अकरा हजार ओव्यांत उपदेशाचा भार जागोजाग जाणवतो, तरी कानास परकेपणा लागत नाहीं. शिकवावयास आलेला येथें श्रोत्यांच्या भाषेस शरण गेला आहे. पोर्तुगीज सरकारनें १६८४ त देशी भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. पुराण मात्र मंगळुराकडील ख्रिस्ती घरांनीं जपलें, व १९०७ त तेथेंच तें पुन्हां छापलें गेलें.