अभ्यासक्रमातलं एक वाक्य

माझी मामेबहीण एमबीबीएस करते. 2024 च्या सप्टेंबरात तिनं मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘‘दादा, तुला लोकांची वाक्यं तपासायची खोड आहे ना? हे तपास.’’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 31 ऑगस्टला काढलेला एमबीबीएसचा सुधारित अभ्यासक्रम होता तो. येरमाळ्याच्या स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघत मी वाचायला सुरुवात केली, आणि एक गाडी चुकली.

अभ्यासक्रम हा वाचायचा मजकूर आहे असं आपण मानत नाही. पण कवितेइतकाच तो शब्द मोजून लिहिलेला असतो. 2019 च्या बॅचपासून आपल्याकडे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक ओळीला सांकेतिक क्रमांक असतो आणि प्रत्येक ओळ क्रियापदापासून सुरू होते: वर्णन करा, चर्चा करा, करून दाखवा. विद्यार्थ्याला नुसतं माहीत असायला हवं की हातानं करता यायला हवं, तेही ओळीपुढेच लिहिलेलं असतं. अशा मजकुराची समीक्षा करायला दोनच प्रश्न पुरतात. क्रियापद काय आहे? आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसवलाय?

न्यायवैद्यकशास्त्राच्या पानावर हे शेजार बघण्यासारखे होते. अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत समलिंगी स्त्रियांचे संबंध होते. विरुद्धलिंगी कपडे घालणं हे मृतदेहाशी संभोग करण्याच्या विकृतीबरोबर एकाच यादीत होतं. आणि एका ओळीत योनिपटल, त्याचे प्रकार, कौमार्य, कौमार्यभंग आणि या सगळ्याचं ‘वैद्यकीय-कायदेशीर महत्त्व’ शिकवायचं होतं.

मी अडलो तो या ‘महत्त्व’ शब्दापाशी. वरवर निरुपद्रवी शब्द आहे. पण ‘कौमार्याचं महत्त्व सांगा’ असं म्हटलं की दोन गोष्टी न सांगताच गृहीत धरल्या जातात. एक, कौमार्य नावाची वस्तू शरीरात असते आणि डॉक्टरला ती दिसते. दोन, ती असण्या-नसण्यानं न्यायालयात फरक पडतो. पहिली गोष्ट शास्त्रात बसत नाही. योनिपटल जन्मतःच वेगवेगळ्या आकाराचं असतं. ते बघून संभोग झाला की नाही हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसोबत 2018 च्या ऑक्टोबरात हे जाहीर सांगितलं आणि कौमार्य चाचणी बंद करा असं आवाहन केलं. दुसरी गोष्ट कायद्यात बसत नाही. फिर्यादी स्त्रीचं चारित्र्य काढून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम 2003 मध्येच गेलं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर घाला घालते असं म्हटलं. 2022 च्या 31 ऑक्टोबरला त्याच न्यायालयानं अशी चाचणी करणं हे गैरवर्तन ठरवलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगितलं. तपासायला सांगितल्यावर दोन वर्षांच्या आत ही ओळ आली.

‘एवढ्या एका ओळीनं काय होतंय?’ असं कुणी म्हणेल. काय होतं, ते याच महाराष्ट्रात घडून गेलंय. 26 मार्च 1972 ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार होती. वैद्यकीय तपासणीत लिहिलं गेलं की योनिपटल पूर्वीच फाटलेलं आहे आणि दोन बोटं सहज जातात. सत्र न्यायालयानं तिला संभोगाची सवय असल्याचं म्हटलं आणि पोलीस सुटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. पुढच्या वर्षी वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

या प्रकरणात आपण पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल बोलतो. डॉक्टरबद्दल कुणी बोलत नाही, कारण डॉक्टरनं काही वेगळं केलंच नव्हतं. त्या काळी पुस्तकात जे होतं ते तपासलं आणि लिहिलं. पुस्तकातली ओळ तपासणीच्या कागदावर आली, कागदावरून निकालात गेली. मधल्या कुणालाच आपण क्रूर आहोत असं वाटलं नसणार.

म्हणून या गोष्टीतला दुसरा महाराष्ट्रही सांगायला हवा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत न्यायवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. इंद्रजित खांडेकर हेच पुस्तक शिकवत होते. कौमार्याच्या तथाकथित खुणांना शास्त्रीय आधार नाही, असं सविस्तर मांडून त्यांनी हा भाग काढण्याची मागणी केली. 2019 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग वगळला. त्याच सुमाराला कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध जातपंचायतीशी भांडत होती, आणि ही परीक्षा लैंगिक अत्याचार मानून गुन्हा नोंदवू असं राज्य सरकारनं म्हटलं होतं. मला हे दोन्ही एकत्र बघावंसं वाटतं. पंचायतीची पांढरी चादर आपल्याला मागास वाटते. छापील पुस्तकातला तोच प्रश्न शास्त्र वाटतो, कारण तो इंग्रजीत असतो आणि त्यावर मार्क असतात.

2024 मध्ये ओरड झाल्यावर आयोगानं 5 सप्टेंबरला अभ्यासक्रम मागे घेतला. अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणारे डॉक्टर त्यात पुढे होते. अपंगत्वाबद्दलचे फाउंडेशन कोर्समधले सात तासही नव्या मसुद्यात गायब झाले होते. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्याला दुसऱ्याच दिवशी सहा वर्षं होणार होती. 12 सप्टेंबरला सुधारलेला मजकूर आला. आता ओळीचा आशय असा: कौमार्याच्या म्हटल्या जाणाऱ्या खुणा अशास्त्रीय, अमानुष आणि भेदभाव करणाऱ्या कशा आहेत ते सांगा, आणि न्यायालयानंच अशी चाचणी मागितली तर तिचा फोलपणा न्यायालयाला कसा पटवून द्याल तेही सांगा.

ही ओळ मला मनापासून आवडली. तिच्यात विषय नुसता गाळून टाकलेला नाही. गाळला असता तर विद्यार्थ्यानं तो सिनियरकडून, जुन्या आवृत्तीतून, कोर्टातल्या वकिलाकडून शिकलाच असता. शिवाय ही ओळ डॉक्टरला न्यायाधीशासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणायला सांगते. आज्ञा पाळायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात असं वाक्य विरळा.

पण तिची उणीवही सांगतो. तिचं क्रियापद बोलण्याचं आहे, करण्याचं नाही. विद्यार्थी हे उत्तर सुंदर लिहून दहापैकी आठ मिळवेल आणि पुढे ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता, समोर घाबरलेली मुलगी आणि दारात हवालदार असताना, हात सवयीनं जुनंच लिहील. संमती कशी विचारायची, मुलगी नको म्हणाली तर थांबायचं कसं, जखम असेल तर जखमेचंच वर्णन कसं करायचं आणि तिच्या भूतकाळाबद्दल एक अक्षर न लिहिता अहवाल कसा पुरा करायचा, हे करून दाखवायला हवं. आणि ते मराठीत. आमच्याकडची मुलगी ‘बलात्कार’ हा शब्द उच्चारत नाही. ‘त्यानं वाईट केलं’ म्हणते, पोटात दुखतंय म्हणते, गप्प बसते. आपले शब्दही धड नाहीत. ‘अब्रू लुटली’, ‘शीलभंग’ हे शब्द जुन्या अभ्यासक्रमाचंच काम बिनबोभाट करतात. उद्या वैद्यकशास्त्र मराठीत शिकवायचं तर आधी हे शब्द निवडून बाजूला काढावे लागतील. 2022 पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या भागातल्या मुलींना तपासणारे हात आता आमच्याच जिल्ह्यात तयार होणार आहेत, म्हणून हे वाक्य मला दूरच्या दिल्लीचं वाटत नाही.

गाडी चुकल्यावर मी स्टँडवरून डोंगरावरच्या येडाईच्या देवळाकडे बघत बसलो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत लुगडं नेसलेला, परडी घेतलेला जोगता आला की आमची म्हातारी माणसं त्याच्या पाया पडतात. मसुद्यातल्या यादीत त्याचं लुगडं विकृती होतं. आणि देवीची कथा तर परीक्षेचीच आहे. सीतेच्या शोधात हिंडणाऱ्या रामाची परीक्षा बघायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, असं सांगतात. रामानं ओळखलं आणि तिला वेडी आई म्हटलं. तीच येडाई. म्हणजे इथं परीक्षा पुरुषाची झाली, आणि नको ती परीक्षा घेतल्याबद्दल ‘वेडी’ हे नाव घेणारीनं आपल्याकडे ठेवून घेतलं. आपल्या पाठ्यपुस्तकांना एवढा मोठेपणा अजून साधलेला नाही. पन्नास वर्षं चुकीची परीक्षा घेतली, पण वेडी ठरली ती तपासली गेलेली बाई.

परवा बहिणीची तोंडी परीक्षा झाली. मी फोन करून विचारलं, ते वाक्य आलं का गं? ती म्हणाली, ‘‘नाही रे. योनिपटलाचे प्रकार विचारले. पाठ होते.’’