लाइट गेली आणि टाळ थांबले

गेल्या कार्तिकात भोकरदन तालुक्यातल्या एका गावी सप्त्याचं कीर्तन ऐकायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा काल्याच्या पंगतीला बसायचंय. कीर्तन भरात आलं आणि लाइट गेली. मंडपात दोन-अडीचशे माणसं, महाराजांच्या मागं वीसेक टाळकरी, पखवाज चढलेला, विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा. वाजायला-गायला जे लागतं ते सगळं जागच्या जागी होतं. तरी महाराज थांबले, टाळकरी थांबले, मृदंगाचार्यांनी खिशातून मोबाइल काढला. जनरेटर सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळी माणसं अंधारात गुमान बसून होती, जणू अभंगसुद्धा मीटरमधूनच येतो.

हा लेख त्या सात-आठ मिनिटांचा आहे.

गाणं ऐकणारी चार माणसं जमली की हल्ली एक वाद हमखास निघतो. समोर बसून ऐकलेलं गाणं मोठं, की घरच्या सिस्टिमवरचं? एक जण आपल्या स्पीकरच्या जोडीची किंमत सांगतो. दुसरा ‘सवाई’च्या मांडवातली जुनी पहाट सांगतो, तीही आता तिखटमीठ लावून लावून झिजलेली. दोघांनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवलेली असते, की समोर बसून ऐकतो ते जिवंत असतं.

हा सामना जुना आहे. एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत १९१५ पासून दहाएक वर्षं गावोगाव त्याचे जाहीर प्रयोग लावले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. ती गायची, मधेच थांबायची, यंत्र पुढं गायचं. मग दिवे मालवायचे आणि आता कोण गातंय ते प्रेक्षकांनी ओळखायचं. लोक फसायचे. यातली मेख पुढं अॅना केस या गायिकेनंच सांगितली. ती आपला आवाज यंत्राच्या बेतानं आवरून गायची. म्हणजे यंत्र माणसाच्या उंचीला पोचलं नव्हतं, माणूस वाकला होता. आमच्या मंडपातही दिवे गेले तेव्हा मला हेच आठवलं. फरक इतकाच की आमच्याकडं वाकायलाही कुणी उरलं नव्हतं.

घरच्या सिस्टिमबद्दल मला तक्रार नाही. माझ्याकडं जुना, दुसऱ्याच्या हातचा टर्नटेबल आहे, एक अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि व्होल्टेज इकडंतिकडं जातं म्हणून स्टॅबिलायझर. खोली स्लॅबची, चार भिंती नुसत्या गिलाव्याच्या. टाळी वाजवली तरी घुमते. स्पीकरच्या मागं आईच्या हातच्या दोन गोधड्या टांगल्या तेव्हा कुठं आवाज माणसात आला. पण खरी मजा वर्षातून महिनाभर. दिवाळीच्या सुमाराला वेचणीचा कापूस घरात येतो आणि भाव मिळेपर्यंत त्याच खोलीत छताला टेकेल असा पडून राहतो. तीन बाजूंनी कापूस, मधे एक खुर्ची आणि मल्लिकार्जुन मन्सूर. अण्णांनी श्वास घेतला की कळतं. दोन तानपुऱ्यांतला कुठला डावीकडं आहे तेही कळतं. मुंबई-पुण्याचे शौकीन खोली मऊ करायला पैसे मोजतात. मला ती कापसाचे भाव पडले की फुकट मिळते.

भिंतींचा उलटा विचार स्पीकरवाल्या अमर बोस यांनी केला. १९५६ साली त्यांनी हौसेनं स्टिरिओ विकत घेतला आणि ते निराश झाले. त्यांचं म्हणणं असं, की सभागृहात आवाज थेट फार थोडा येतो, बराचसा भिंतींवरून परतून येतो. म्हणून १९६८ साली त्यांनी जो स्पीकर काढला त्यात नऊपैकी आठ तोंडं मागं भिंतीकडं वळवलेली होती. कल्पना हुशारीची खरी. पण ती सिंफनीच्या सभागृहाची. आपली बैठक तशी नव्हतीच. जाजम, लोड, तक्के आणि हाताच्या अंतरावर गवई. जाजमानं आणि माणसांच्या कपड्यांनी आवाज पिऊन टाकलेला असायचा. म्हणून बैठकीचं गाणं छोट्या खोलीतल्या दोन स्पीकरवर इतकं चांगलं उतरतं. ते मुळात तेवढ्याच खोलीचं होतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसत नाही, ही रड मला ठाऊक आहे. तरी केसरबाईंची तेवढीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावर चढली आणि आता आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे.

उलट आजच्या ‘प्रत्यक्ष’ मैफलीत काय ऐकू येतं? बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. रियाझाला तो वरदान होता. पण आता तो व्यासपीठावरही चढलाय, कधी नुसता फोनमधून वाजतो, आणि खरा तानपुरा असलाच तर फोटोपुरता मागं उभा. म्हणजे माझ्या खोलीतल्या यंत्रातून खरे तानपुरे ऐकू येतात आणि समोर बसलेल्या माणसांकडून यंत्र. आता कुणाला जिवंत म्हणायचं?

ऐकण्याच्या बाकीच्या प्रकारांचं चटकन उरकतो. ब्लूटूथचा डबा शेतात पाणी देताना सोबतीला बरा. कराओके ही वाढदिवसाची करमणूक, तिला माफ करू. कोक स्टुडिओ चकचकीत. अभंगाला गिटार लावणाऱ्या पोरांवर मी रागावत नाही, त्यांना निदान अभंग तरी पाठ आहेत. डीजेबद्दल एका ओळीइतकंही लिहिण्यासारखं नाही.

आता काकडा. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे चार-साडेचारला विठ्ठलमंदिरात जमणारी पंधरा-वीस माणसं, हे आमच्या तालुक्यातलं आजचं सगळ्यात उंचीचं संगीत आहे, असं माझं मत आहे. ते मी गंमत म्हणून मांडत नाही. थंडीनं पखवाजाची पुडी नरमलेली असते. वाजवणारा गट्टे ठोकून ती चढवतो, डाव्या बाजूला कणकेचा गोळा थापतो, थाप मारतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा मारतो. यात दहा मिनिटं जातात आणि कुणालाही घाई नसते. मग भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी. एकानं चाल उचलली की दुसरा ती वरच्या पट्टीत झेलतो. सत्तरीचा म्हातारा एका जागी हमखास बेसूर होतो, आणि शेजारचा सूर थोडा जास्त लावून त्याला सांभाळून घेतो. रोज त्याच जागी. हे सांभाळणं कुठल्या मिक्सरवर होतं?

टाळांचंही तेच. पंधरा जोड्या, प्रत्येकीचा सूर केसभर वेगळा, आणि त्या तुमच्या चहूबाजूंनी पंधरा ठिकाणांहून वाजतात. मी एकदा काकड्याचं रेकॉर्डिंग केलं आणि कापसाच्या खोलीत, अगदी भर कार्तिकात, लावून पाहिलं. मन्सूरांना जिवंत करणाऱ्या त्या दोन स्पीकरमधून टाळांचा नुसता भुसा बाहेर पडला. सुरेल गलका हवा होता, आली ती तळणाची चुरचुर. पखवाजाची डावी बाजू जाजमातून मांडीत शिरते, ती तर आलीच नाही. तेव्हा यंत्र एकट्याचं गाणं आणतं, जमावाचं आणत नाही, एवढा माझा तुलनेचा निकाल आहे.

काकडा असा राहिला याला भक्ती कारण आहेच, पण अर्धं श्रेय मी कायद्याला देतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद ठेवायला सांगितले. सणावाराला वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पहाटेला मात्र नाही. जिथं हा नियम पाळतात तिथं सहाच्या आत गळ्यानंच गावं लागतं. शासनाच्या कुठल्याही सांस्कृतिक योजनेनं भजनाचं एवढं भलं केलेलं नाही. आणि करताना शासनाला त्याचा पत्ताही नव्हता.

सहानंतर मात्र तीच माणसं बिघडतात. सप्त्याच्या पत्रिकेवर पूर्वी कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य यांची नावं असायची. आता खाली ठळक अक्षरांत साउंड सिस्टिमवाल्याचंही असतं, काही पत्रिकांत मृदंगाचार्यांच्या वर. त्याच्याकडं इको नावाचं एक बटण असतं आणि ते गेली कित्येक वर्षं कुणी शून्यावर आणलेलं नाही. एका ‘विठ्ठल’चे चार होतात. त्यात जुन्या देवळांचा जीर्णोद्धार. सागवानी खांबांचा, मातीच्या माळवदाचा सभामंडप पाडायचा, स्लॅब टाकायचा, खाली-वर टाइल्स. माळवद आवाज पीत होतं, टाइल तो तोंडावर फेकते. मग काही कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि वर इको.

चालीही गेल्या. भीमसेनांची अभंगवाणी थोर आहे, कुणाला शंका नको. पण ती ऐकून ऐकून आमच्या पोरांनी फडावरच्या चाली टाकल्या आणि तबकडीवरची चाल, तिच्यातल्या वाद्यांच्या मधल्या तुकड्यांसकट, पेटीवर बसवली. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती काय यासाठी? गळा शंभर माणसांपर्यंत पोचवायचा कसा, श्वास कुठं घ्यायचा, धृपद टाळकऱ्यांकडं कधी सोपवायचं, ही विद्या होती. माइकनं ती अनावश्यक केली, आणि अनावश्यक झालेली विद्या दोन पिढ्यांत संपते. लाइट गेल्यावर महाराज थांबले ते आळसानं नाही थांबले. त्यांना येत नव्हतं म्हणून थांबले.

हे सगळं मी सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांना सांगितलं. माझाच विद्यार्थी. म्हटलं, पुढच्या वर्षी सातांतलं एक कीर्तन बिनमाइकचं ठेवा.

“गुरुजी, मागच्यांना ऐकू कसं येईन?”

“मागचे काय ऐकतात ते मी पाहिलंय. पुढं सरकून बसा म्हणावं.”

तो हसला. मग म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पण सिस्टिमवाल्याला सातही दिवसांचा इसार देऊन झालाय.