७९ टक्क्यांचा हिशेब

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेतल्यावर ७९ टक्के लोकांची गुडघेदुखी कमी झाली. हा आकडा खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो.

तो येतो २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेट’ या अमेरिकन चाचणीतून. गुडघ्यांची झीज झालेले १५८३ रुग्ण, पाच गट, २४ आठवडे. दुखणं २० टक्क्यांनी कमी झालं की आराम पडला असं धरायचं. जोडगोळी घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्के लोकांना आराम पडला. छानच की! पण प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही ६०.१ टक्के लोकांना पडला. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो.

मग ७९ कुठून आले? दुखणं मध्यम ते तीव्र असलेल्या ३५४ जणांच्या उपगटातून. तिथे प्लासिबोचा आकडा ५४.३ होता. फरक मोठा आहे, मान्य. पण ३५४ जण पाच गटांत वाटले की प्रत्येक गटात उरतात सत्तरेक माणसं. त्यावरून पुढच्या चाचणीचा प्रश्न ठरवावा, गोळ्यांची खरेदी नव्हे.

ती पुढची चाचणी स्पेनमध्ये झालीही. मध्यम ते तीव्र दुखणं असलेले १६४ रुग्ण, निकाल २०१७ मध्ये. जोडगोळी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. हे मात्र जाहिरातीत सापडत नाही.

आणि घरात कुणी रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लुकोसामाइन सुरू करूच नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.